‘द किड’ आजही रडवतो का? आणि हे मोजायचं कसं?

“बालकलाकारांचे जुने गाजलेले सिनेमे आजच्या प्रेक्षकाला भावतात का?” गप्पांसाठी झकास विषय. सिनॉप्सिसमध्ये असाच लिहिलात तर मात्र गाईड पहिल्याच ओळीवर लाल पेन फिरवतील. का, ते एकाच सिनेमावर बघू. चार्ली चॅप्लिनचा 1921 चा ‘द किड’. त्यात टाकून दिलेल्या पोराचं काम जॅकी कूगनने केलंय.

पहिली अडचण: कोणता ‘द किड’? 1971 मध्ये चॅप्लिनने स्वतःच त्याला कात्री लावली, मुख्यतः आईच्या कथेतले प्रसंग काढले आणि नवं संगीत दिलं. आज बहुतेक जण हीच आवृत्ती बघतात. मग 1921 चा प्रेक्षक आणि आजचा प्रेक्षक यांच्यात फरक दिसलाच, तर तो काळाचा, कात्रीचा की संगीताचा?

‘क्लासिक’ शब्दातही गोची आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या सुमारे 11,000 मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात जेमतेम 14 टक्के उरलेत. त्यातूनही लोकांनी पुन्हा पुन्हा बघितले तेच ‘क्लासिक’ ठरले. टिकलेलेच गोळा करायचे आणि टिकतात का विचारायचं, याला काय अर्थ?

पण खरी मेख पुढे आहे. अनाथाश्रमाची माणसं पोराला गाडीत घालून नेतात, तो हात पसरून रडतो. चॅप्लिनने आत्मचरित्रात लिहिलंय की जॅकीला रडू येईना, तेव्हा त्याच्या वडिलांनीच त्याला दम दिला: रडला नाहीस तर इथून काढून खरोखरच निराधारांच्या संस्थेत पाठवू. पोरगं तेव्हा पाचेक वर्षांचं. म्हणजे पडद्यावरची भीती नुसता अभिनय नाही. पुढे 1938 मध्ये जॅकीने आई आणि सावत्र वडिलांवर खटला भरला, तेव्हा लाखो डॉलरच्या कमाईतलं फार थोडं शिल्लक होतं. त्यातूनच 1939 मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला.

हे कळल्यावर तो प्रसंग पुन्हा बघा. माझ्यापुरतं सांगायचं तर तो अजूनही तितकाच अंगावर येतो आणि आता मला तो मुळीच आवडत नाही. आता प्रश्नावलीत “हा प्रसंग किती भावला? 1 ते 5” एवढंच विचारलंत, तर माझ्यासारखा माणूस 3 वर खूण करून मोकळा होईल. तुमच्या तक्त्यात तो ‘तटस्थ’ म्हणून जाईल. (तटस्थ! डोळे पुसत बसलेला माणूस!)

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा: किती हललात, आणि असं चित्रण तुम्हाला मान्य आहे का. प्रेक्षकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला जॅकीची हकिगत सिनेमाआधी सांगा, दुसऱ्याला उत्तरं लिहून झाल्यावर. आवृत्ती दोघांनाही एकच दाखवा, आणि कोणती ते प्रबंधात नोंदवा.