विरळ यंत्रांची साक्ष

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक गावांत 'काळा' हा शब्द 'काया' आणि 'डोळा' हा शब्द 'डोया' असा उच्चारला जातो. मराठीच्या वर्णव्यवस्थेचे नियम केवळ प्रमाणभाषेवर पारखून कोणी सिद्ध केले, तर त्यांत उणीव दिसणार नाही. ती दिसेल वऱ्हाडीची साक्ष काढल्यावरच. संगणकाच्या आज्ञावलींनाही हे तत्त्व लागू पडते.

मुक्तस्रोत आज्ञावलीत देशोदेशीचे कार्यकर्ते नित्य लहानमोठे बदल करीत असतात. असा प्रत्येक बदल येताच संपूर्ण आज्ञावली यंत्राकरवी पुन्हा बांधून ठरलेल्या कसोट्यांवर पारखण्याच्या पद्धतीस 'कंटिन्युअस इंटिग्रेशन', म्हणजे सतत एकत्रीकरण, असे म्हणतात. परंतु ही पारख बहुधा एक्स-८६ किंवा आर्म या घराण्यांच्या प्रोसेसरांवरच होते. व्यवहारात ही दोन्ही घराणी संख्येचा कनिष्ठ बाइट आधी ठेवतात. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांचा एस-३९०-एक्स हा प्रकार मात्र वरिष्ठ बाइट आधी ठेवतो.

या भेदाचा परिणाम 'ळ' या वर्णावरच पाहता येईल. षोडशमान पद्धतीत त्याचा युनिकोड क्रमांक ०९३३ आहे. यूटीएफ-१६ पद्धतीत त्याचे '०९' आणि '३३' असे दोन बाइट होतात. कार्यकर्त्याने बाइटांचा क्रम न नोंदता गृहीत धरला, तर एका यंत्राने लिहिलेला 'ळ' दुसऱ्या यंत्रावर ३३०९ असा वाचला जातो. आणि त्या क्रमांकावर आहे औंस या वजनाचे जपानी चिन्ह. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो तो नियमाने. येथे 'ळ'चा औंस होतो तो अनवधानाने. चूक आज्ञावलीत पहिल्यापासूनच होती. एकाच क्रमाच्या यंत्रांनी ती झाकून ठेवली होती.

अडचण आहे ती यंत्रांच्या दुर्मिळतेची. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेले 'क्यूएमू' साध्या संगणकावर परक्या प्रोसेसरची नक्कल करते. पण नक्कल संथ असते, आणि ती मूळ यंत्राशी सर्वस्वी जुळेलच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष यंत्रे राखावी लागतात. डेबियन प्रकल्पाने २०२१ च्या अकराव्या आवृत्तीत 'मिप्स'चा वरिष्ठ-बाइट प्रकार वगळला. त्यानंतर त्याच्या अधिकृत यादीत त्या क्रमाचा एस-३९०-एक्स हा एकच साक्षीदार उरला.

उलट, २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत 'रिस्क-फाइव्ह' प्रथमच अधिकृत झाला. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचे 'वेगा' आणि आयआयटी मद्रासचे 'शक्ती' हे प्रोसेसर याच आदेशसंचावर उभारलेले आहेत. त्यांच्यावर आज्ञावली सतत पारखल्या गेल्या नाहीत, तर प्रोसेसर स्वदेशी होईल, परंतु त्यावर विश्वासाने चालवावे असे फार थोडे उरेल. बोलीचा वक्ता संख्येने एकटा असला, तरी नियम खरा की खोटा हे त्याच्या साक्षीनेच ठरते. विरळ यंत्राचे मोलही तेवढेच आहे.