लाईट कुणी चालू ठेवली?

आपल्याकडे ‘लाईट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. “लाईट लाव” म्हणजे दिवा लाव, आणि “लाईट गेली” म्हणजे अख्खी वीजच गेली. दुसऱ्या अर्थाच्या लाईटवर आपण तासन्‌तास बोलतो. ती दहा मिनिटे गेली तरी सगळा मजला गॅलरीत येतो. पण पहिल्या अर्थाची लाईट रिकाम्या खोलीत सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत जळत असते, तिच्याबद्दल बोलायचे काम फक्त रेक्टर मॅडमचे, असे आपण धरून चाललो आहोत.

मित्र-मैत्रिणींनो, ‘विजेची बचत ही काळाची गरज’ हे वाक्य शाळेपासून इतक्या भिंतींवर वाचले आहे की आता ते दिसतसुद्धा नाही. म्हणून उपदेश नको, हिशेब करू. शेवटी आपण इंजिनीअरिंगची मुले आहोत.

आधी आकडे

एक हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. एलईडी ट्यूब साधारण २० वॅटची असते. जुनी ४० वॅटची ट्यूब कॉपर चोकसकट ५० वॅटच्या वर जाते. आणि आपला नेहमीचा सीलिंग फॅन साधारण ७५ वॅटचा. म्हणजे खरा खादाड दिवा नाहीच, पंखा आहे! दिवा डोळ्यांना दिसतो म्हणून त्याच्यावर ओरडा होतो, पंखा बिचारा गुपचूप फिरत राहतो.

समजा एक खोली आठ तास रिकामी आहे आणि एक एलईडी ट्यूब, एक पंखा चालू राहिला. ट्यूबचे ०.१६ युनिट, पंख्याचे ०.६ युनिट, मिळून ०.७६ युनिट. तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? २०० खोल्यांच्या होस्टेलमध्ये रोज फक्त ३० खोल्यांत असे झाले, असे धरू. रोजचे सुमारे २३ युनिट. वर्षात कॉलेजचे २०० दिवस धरले तर साडेचार हजार युनिटच्या वर. आणि हे बिल आपल्या खोलीच्या नावाने येत नाही, फीमध्ये मुरून जाते. ज्याचे बिल दिसत नाही त्याची बचतही होत नाही. घरी हाच मुलगा बाबांच्या एका हाकेला उठून लाईट बंद करतो.

हे युनिट म्हणजे किती पाणी?

सातारा जिल्ह्यातले कोयना धरण आपण सहलीला पाहिलेले असते. त्याचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, चिपळूणकडे पोफळीच्या भूमिगत वीजगृहात साधारण पावणेपाचशे मीटर खाली पडते. फिजिक्सचा एमजीएच वापरून बघा. कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर एक युनिटसाठी सुमारे ९०० लिटर पाणी लागते. हे पाणी पुढे वाशिष्ठी नदीत जाते, कृष्णेत परत येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी असे पश्चिमेला वळवायला मुभा दिली आहे. आता, आपल्या होस्टेलची सगळी वीज काही कोयनेची नसते. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशाची आहे. पण कोयनेचे टर्बाइन चटकन सुरू करता येतात, म्हणून मागणी चढते तेव्हा त्यांना पळवतात. आणि मागणी चढते कधी? संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे एकदम लागतात तेव्हा.

उलट हिशेब तर आणखी बोलका आहे. सांगली जिल्ह्यात ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने वर चढवतात, तेव्हा ते कवठे महांकाळ, जत, आटपाडी अशा कोरड्या भागाला मिळते. पंपाची एकूण कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर एका युनिटमध्ये सुमारे अडीच हजार लिटर पाणी १०० मीटर वर चढते. वरच्या कल्पित होस्टेलचे वर्षाचे वाया गेलेले युनिट मांडले, तर ते पाणी एक कोटी लिटरच्या पुढे जाते. या योजनांचे वीजबिल थकले, आवर्तन अडले, अशा बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! होस्टेलचा पंखा बंद केला म्हणून ती वीज सरळ म्हैसाळला जाणार नाही, हे मलाही कळते. पण किंमत कळायला हे माप बरे आहे.

माझ्या काकांचे रान खटाव तालुक्यात आहे. वर्षानुवर्षे त्यांच्याकडे थ्री-फेज लाईट आळीपाळीने रात्रीची यायची. डिसेंबरच्या थंडीत बॅटरी घेऊन रात्री दोनला दारे धरायला जायचे, पायाखाली काय येईल सांगता येत नाही. सुट्टीत आमच्या चुलत भावंडांपैकी कोणी अंगणातला दिवा दिवसा चालू ठेवला की काका रागवत नसत, नुसते म्हणत, “आपल्याला लाईट लई झाली व्हय गं?” ते वाक्य कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त लागते.

एक हट्टी गैरसमज

“सारखी बंद-चालू केली की जास्त वीज खाते” असे ठामपणे सांगणारा एक तरी सिनिअर प्रत्येक मजल्यावर असतो. ट्यूब लागताना करंट क्षणभर जास्त घेते हे खरे, पण तो सेकंदाच्या काही भागापुरता. काही सेकंद बंद ठेवली तरी तो भरून निघतो. जुन्या ट्यूब आणि सीएफएलचे आयुष्य मात्र वारंवार चालू-बंद केल्याने कमी होते. म्हणून त्यांच्यासाठी ‘पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बाहेर जायचे असेल तर बंद’ असा नियम सांगतात. एलईडीला तोही त्रास नाही. खोलीतून बाहेर पडलात की बंद, विषय संपला.

विसरायचे कसे नाही?

आपण वाईट म्हणून लाईट चालू ठेवत नाही, घाईत विसरतो. तेव्हा आठवणीवर कमी आणि व्यवस्थेवर जास्त भर हवा. बिनखर्चाचे उपाय असे:

१. आपल्या बोर्डावर खटका खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. निघताना नुसता तळहात बोर्डावरून वरच्या दिशेला फिरवायचा. कुठला खटका कशाचा हे आठवायची गरजच नाही.

२. लाईट गेलेली असताना आपण खटका दाबून बघतो, काही होत नाही, आणि तसाच सोडून लेक्चरला जातो. अकराला लाईट येते आणि रिकाम्या खोलीत सगळे सुरू! दिवसभर चालू राहिलेल्या बऱ्याच खोल्यांचे रहस्य हेच असते. म्हणून लाईट नसताना तर तळहात नक्की फिरवायचा.

३. कुलूप आणि किल्ली बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवा. कुलूप घ्यायला हात गेला की बोर्ड समोर येतोच.

४. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक वर्गाला एक स्विच मॉनिटर असे. शेवटची मुलगी बाहेर पडली की तिने बोर्ड बघायचा. काम एकाच्या नावावर असले की होते, सगळ्यांचे असले की कुणाचेच नसते. तिघांच्या खोलीत आठवड्याची पाळी लावायला काय हरकत आहे?

५. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे ठरवले, आणि देशभर त्याची बातमी झाली. त्यातली युक्ती साधी आहे. प्रत्येकाने आपापले आठवायचे नाही, एकच खूण सगळ्यांना आठवण देते. होस्टेलवर सकाळी कॉलेजला निघायच्या वेळी वॉचमन काकांनी एक घंटा दिली तर?

आता थोडे वायरिंग

फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला आपण जिन्याचे वायरिंग करतो, जर्नल सबमिट करतो आणि विसरतो. खाली एक आणि वर एक टू-वे स्विच, दोघांमध्ये दोन वायरी. दोन्ही स्विच एकाच वायरीवर असले की दिवा लागतो, वेगवेगळ्या वायरींवर असले की विझतो. म्हणजे खाली लावून वर गेल्यावर बंद करता येतो. लांब कॉरिडॉरला दोन्ही टोकांना हेच हवे. एकाच टोकाला स्विच असेल, तर तो बंद करायला अंधारात परत कोण जाणार?

याचाच भाऊ म्हणजे गोडाऊन वायरिंग. पुढे जाताना एकेक स्विच दाबायचा, पुढचा दिवा लागतो आणि मागचा आपोआप विझतो. परतताना उलट. आपल्या हळदीच्या सांगलीत गोदामांना तोटा नाही, तेव्हा हे वायरिंग डोळ्यांसमोर आणायला कठीण जाऊ नये.

खोलीसाठी मात्र सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दाराजवळ एकच मास्टर स्विच. दिवे आणि पंखे त्याच्यामागे, चार्जिंगचा पॉइंट वेगळा. हॉटेलात खोलीची चावी खाचेत ठेवली की लाईट येते, काढली की जाते, तेच तत्त्व.

सेन्सर लावला की झाले?

नाही. काही शे रुपयांत मिळणारा पीआयआर सेन्सर शरीरातून निघणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतला बदल ओळखतो. त्याच्यासमोरची लेन्स खोलीचे भाग पाडते, आणि गरम शरीर एका भागातून दुसऱ्यात गेले की त्याला कळते. म्हणजे त्याला माणूस नाही, हालणारा माणूस दिसतो. तुम्ही स्टडी रूममध्ये तासभर एकाच गणिताकडे बघत बसलात, तर तो तुम्हाला गैरहजर धरून अंधार करणार! काचेपलीकडचेही त्याला दिसत नाही. झोपायच्या खोलीत तो पंख्याला जोडला तर मध्यरात्री काय होईल ते सांगायला नको.

म्हणून जागा बघून उपाय. बाथरूम आणि पॅसेजला सेन्सर. आडोसे असतील तर मायक्रोवेव्हचा, कारण त्याच्या लहरी पातळ पार्टिशनमधून जातात. जिन्याला टू-वे किंवा टायमर. आवारातल्या दिव्यांना उजेड ओळखणारा फोटोसेल, म्हणजे सकाळी आठपर्यंत ते जळत राहणार नाहीत. स्टडी रूमला ‘लावायचे हाताने, विझणार आपोआप’ या प्रकारचा सेन्सर, तोही वीसेक मिनिटांच्या सवलतीने. आणि राहायच्या खोलीला मास्टर स्विच आणि आपला तळहात.

“सोलर बसवले की प्रश्न मिटला” असेही काही जण म्हणतात. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून गाजली, आणि ते कौतुकाचेच आहे. पण छतावरचे पॅनल दुपारी वीज देते, रात्री साडेदहाला रिकाम्या पॅसेजमधला दिवा ग्रीडवरच जळतो. जी वीज वापरलीच नाही, तिच्याइतकी स्वस्त वीज कुठल्याही पॅनलमधून येत नाही.

शेवटी होस्टेल समितीला एक सूचना. एका मजल्याला सबमीटर लावा आणि महिनाभर नुसते रीडिंग घ्या. मग त्याच मजल्यावर दाराशी मास्टर स्विच बसवा आणि पुढचा महिना पुन्हा घ्या. दोन्ही आकडे मेसच्या दारावर लावा. फरक पडला तर बाकीचे मजले करू, नाही पडला तर निदान एक चांगला प्रोजेक्ट रिपोर्ट तरी होईल! रीडिंग घ्यायला मी तयार आहे, आणखी दोघे-तिघे हवेत. येताना तेवढा खोलीतला पंखा बंद करून या.