वांगेसटीचं भरीत: मिक्सर बाजूला ठेवा

ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज भरीत.

मी यावल तालुक्यातला, आजोळ धुळ्याचं, नोकरी पुण्यात. आमच्या घरी आषाढी एकादशीला वांगं बंद होतं, ते थेट चंपाषष्ठीला, म्हणजे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला सुटतं. त्या दिवशी खंडोबाची तळी भरायची आणि भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा. म्हणूनच या दिवसाला वांगेसट म्हणतात. २०२५ मध्ये आषाढी ६ जुलैला होती आणि वांगेसट २६ नोव्हेंबरला. म्हणजे माझ्या ८४ वर्षांच्या आजीनं साडेचार महिन्यांहून जास्त काळ वांगं तोंडात घातलं नव्हतं, आणि पहिला घास माझ्या हातचा असणार होता.

टेन्शन यायचं कारण होतं. आजीची नजर अधू झालीय, ती आता माझ्याकडे पुण्यात असते. आई-बाबा नानांच्या आजारपणामुळे धुळ्याला. त्यामुळे २०२४ लाही भरीत मीच केलं होतं. जांभळी वांगी आणली, फोडी करून मायक्रोवेव्हला लावली, मिक्सरमधून काढली. करड्या रंगाची कडवट पेस्ट झाली. आजीनं प्रसाद म्हणून एक घास खाल्ला, "चांगलं आहे" म्हणाली आणि उरलेलं ताटाच्या कडेला सारलं. आमच्या घरात "चांगलं आहे" हे पाहुण्यांना म्हणायचं वाक्य आहे.

मग या वेळी नीट डीबग करायचं ठरवलं. चार ठिकाणी बग होते.

पहिला बग: वांगं

भरताला कुठलंही वांगं चालत नाही. जळगाव जिल्ह्यातलं भरताचं वांगं मोठं, फिकट हिरवं आणि त्यावर पांढरट रेघा असलेलं असतं. त्यात बिया कमी आणि गर जास्त. यावल तालुक्यातलं बामणोद या वांग्यासाठी प्रसिद्ध आहे. 'जळगाव भरीत वांगी' या नावानं त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅगही मिळालाय. काकांनी चार किलो वांगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवली. पहाटे पाचला जाऊन उतरवून घेतली. घेताना एकच बघायचं: आकाराच्या मानानं वांगं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं तर बिया भरल्यात असं समजा.

दुसरा बग: भाजणं

वांगं कापलं की गराला हवा लागते, आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि गर काळवंडतो. अख्खं भाजलं तर उष्णतेनं ते एन्झाइम आधीच निकामी होतं. शिवाय साल झाकणाचं काम करते, गर स्वतःच्याच वाफेवर शिजतो. फक्त दोन-तीन ठिकाणी सुरीनं टोचा, नाहीतर वाफ कोंडून वांगं फुटतं. हात पोळतो, अनुभव आहे.

आता धूर. गावाकडे भरीत कपाशीच्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर भाजतात. खान्देश कापसाचा मुलूख, त्यामुळे हे जळण घरचंच. काड्या भराभर पेटतात, मोठा जाळ होतो, साल पटकन करपते. लाकडात लिग्निन नावाचा घटक असतो. तो जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी संयुगं तयार होतात. आपण ज्याला 'चुलीचा वास' म्हणतो, त्यात यांचा मोठा वाटा. गॅसमध्ये लिग्निन नाही, त्यामुळे गॅसवर वांगं छान शिजतं, सालही करपते, पण तो वास अर्धाच येतो.

यात एक गोची आहे. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग सांगतो की फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, कारण अळी त्यात सुप्तावस्थेत राहते. सल्ला बरोबरच आहे. पण ज्या जळणावर आमचं भरीत उभं आहे, ते साठवणंच आता शेताला परवडत नाही. काकांनी या वेळी वांग्यांसोबत जेमतेम एक मोळी पाठवली. ती सोसायटीच्या गच्चीवर लोखंडी घमेल्यात पेटवली, वॉचमनकाकांना आधी सांगून.

तिसरा बग: ठेचणं

मिक्सरचं पातं बिया आणि रेषा दोन्ही चिरडतं, गराचा चिकट लगदा होतो. भरताला तोंडात लागणारे धागे हवेत. गावाकडे यासाठी लाकडाचं खोलगट भांडं आणि मुसळ असतं. माझ्याकडे परात आणि लाकडी रवी होती, तेवढ्यानं भागलं. सोलताना वांगं नळाखाली धरू नका. सगळा धुराचा वास मोरीत जातो.

चौथा बग: फोडणी

मिरचीचा तिखटपणा पाण्यात नाही, तेलात उतरतो. म्हणून हिरव्या मिरच्या आणि लसूण जाडसर ठेचून तेलात परतायचं. नैवेद्याआधी चव घेता येत नाही, म्हणजे टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन! त्यामुळे आमच्या घरचं माप वजन करून लिहून ठेवलं:

वांगी १ किलो (भाजून-सोलून माझ्याकडे ६५० ग्रॅम गर निघाला), तेल ५ मोठे चमचे, हिरव्या मिरच्या १०, लसूण १५ पाकळ्या, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचे काप पाव वाटी, कांद्याची पात बारीक चिरून २ वाट्या, कोथिंबीर, मीठ दीड छोटा चमचा.

आधी तेलात दाणे आणि खोबरं लालसर करा, मग ठेचा परता, मग गर आणि मीठ. पाच मिनिटं परतून गॅस बंद केल्यावर पात आणि कोथिंबीर घाला. पात शिजली तर तिचा करकरीतपणा जातो. हळद नाही, टोमॅटो नाही. सोबत नैवेद्याला बाजरीचे रोडगे, आणि जेवायला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळून केलेली.

आता खरी गोष्ट सांगतो. वांगं नेमकं किती भाजायचं, हे मी आजीला फोनवर तीन वर्षं विचारत होतो. तिचं उत्तर एकच: "भाजलं की कळतं." यावर काय कोड लिहिणार?

या वेळी गच्चीवरून पहिलं वांगं ताटलीत घालून खाली आणलं आणि तिच्यासमोर धरलं. तिला ते धड दिसत नव्हतं. तिनं मधला मऊ भाग चाचपलाच नाही. बोट सरळ देठाशी नेलं, दाबलं आणि म्हणाली, "इथं कच्चं आहे भो. घेऊन जा परत."

मधला भाग मऊ लागतो म्हणून मी दर वेळी लवकर काढत होतो. देठाजवळचा गर सगळ्यात घट्ट, तो शेवटी शिजतो. तिथं बोट रुतलं की झालं. तीन वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या बोटात होतं, आणि मी ते शब्दांत मागत होतो.

तळी भरली, येळकोट झाला, ताट वाढलं. आजीनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग भाकरी मोडून दुसरा घेतला. या वेळी ताटाच्या कडेला काही उरलं नाही. वरच्या मापात मिठाचा दीड चमचा लिहिलाय तो ही दुरुस्ती करून. मी एकच घातला होता.

तर मंडळी, तुमच्या घरातही अशी एखादी 'अंदाजानं' होणारी भाजी असेल, तर कृती विचारत बसू नका. अर्धवट झालेली भाजी त्या माणसाच्या हातात द्या आणि हात कुठे जातो ते बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!