खिडकी अरुंद झाली तेव्हा

1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. गॉडफ्रे हाऊन्सफील्डच्या यंत्रातून निघाला तो मुळात आकड्यांचा तक्ता होता. चित्र ही त्याची नंतरची सोय. आजच्या मापात पाणी 0, हवा उणे 1000. यांतल्या कोणत्या पट्ट्याला करड्या छटा द्यायच्या आणि बाकीचं सरळ काळं-पांढरं करून टाकायचं, ही निवड म्हणजे ‘विंडो’. यंत्रांच्या वेगाचं कौतुक पुष्कळ झालं, या निवडीचं फारसं नाही. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र तिला निदानाचाच भाग मानायला हवं होतं, आणि ते मानायला उशीर झाला.

मेंदूची रूढ विंडो 80 रुंद, मध्य 40. म्हणजे 0 ते 80. ताजा रक्तस्राव तीत लख्ख दिसतो. पण रक्तपुरवठा तुटलेल्या भागात पाण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं, तर घनता उतरते जेमतेम अडीच एककांनी. 256 छटांच्या पडद्यावर ही घट आठ छटांची, मेंदूतल्या इन्सुला या भागाच्या कडेला सहज नजरेआड होणारी. विंडो 8 रुंद आणि मध्य 32 केला, तर तीच घट 80 छटांची होते. स्कॅन तोच, रुग्ण तोच. तरी हे फारसं होत नव्हतं, कारण तंत्रज्ञ कॉन्सोलवर एक विंडो ठरवून फिल्म छापत आणि डॉक्टर ती लाइटबॉक्सवर लावत. घाईही नव्हती, लवकर निदान करून द्यायचं काय, हाच प्रश्न होता. 1995 मध्ये एनआयएनडीएस या अमेरिकी संस्थेच्या चाचणीने पहिल्या तीन तासांत दिलेल्या टीपीए या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा फायदा दाखवला आणि ही अडीच एककं एकाएकी मोलाची झाली. 1999 मध्ये मायकेल लेव्ह आणि सहकाऱ्यांनी मॉनिटरवर विंडो बदलत स्कॅन वाचले, तेव्हा पक्षाघात ओळखण्याची संवेदनशीलता 57 टक्क्यांवरून 71 वर गेली. खोटी निदानं वाढली नाहीत.

अभ्यास लहान होता, हा आक्षेप रास्त आहे. अरुंद विंडोत यंत्राचा गोंगाटही फुगतो, हा त्याहून वजनदार. दाणेदार चित्रात नसलेला डाग दिसू शकतो. म्हणूनच 8 हा आकडा पूजायचा नाही. कुणी 40 रुंदीवर थांबतो, कुणी जाड काप घेऊन दाणे कमी करतो, आणि संशयित जागा दुसऱ्या बाजूशी ताडून पाहतो. कवटीलगतचा पातळ रक्तसाठा शोधायला तर विंडो उलट रुंदच करावी लागते. एमआरआय आणि रक्तप्रवाह दाखवणारं परफ्यूजन स्कॅनिंग आल्यावर हा खटाटोप कशाला, असंही विचारलं जातं. पण बहुतेक ठिकाणी पहिला स्कॅन अजून साध्या सीटीचाच असतो, आणि पक्षाघाताची व्याप्ती मोजणाऱ्या, 2000 सालच्या अ‍ॅस्पेक्ट्स गुणांकनाचे दहा गुण त्याच करड्या छटांवरून मोजले जातात.

फिल्म मागे पडली म्हणावं, तर आपल्याकडे नातेवाइकांच्या हातातल्या मोठ्या पाकिटात ती अजून असते. रात्री तज्ज्ञाला व्हॉट्सअ‍ॅपवर जातो तो तिचाच फोटो. त्यात विंडो हलवता येत नाही.