ठोकताळा म्हणजे अंदाजपंचे नव्हे

ज्याला ह्युरिस्टिक म्हणतात, तो आपल्या ओळखीचा ठोकताळा. तो उत्तराची हमी देत नाही, शोधाला दिशा देतो. हमी नाही म्हणून पुष्कळांना तो नुसता अंदाज वाटतो, आणि शाळेत त्याची हेळसांड होते ती इथूनच.

एक कोडं घ्या. ४ आणि ९ लिटरची दोन भांडी आहेत, त्यांवर खुणा नाहीत. नेमकं ६ लिटर पाणी मोजायचं आहे. मुलं भांडी भरत-ओतत राहतात. हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात अशाच कोड्याला शेवटाकडून हात घातला. शेवटी मोठ्या भांड्यात ६ हवेत, म्हणजे भरलेल्या ९ मधून ३ काढायचे. लहान भांड्यात आधीच १ लिटर असेल, तरच त्यात बरोबर ३ मावतील. हा १ आणायचा कुठून? ९ मधून दोनदा ४ काढून टाकले की १ उरतो. आता तो लहान भांड्यात घ्या, मोठं काठोकाठ भरा आणि त्यातून लहान भरून घ्या. यात अंदाज कुठेच नाही, उलट्या दिशेने केलेला चोख विचार आहे.

ठोकताळे फसवतातच, हाही एक समज. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांच्या १९७४च्या प्रसिद्ध लेखात एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना पाच सेकंदांत ८×७×६ असं १ पर्यंतच्या गुणाकाराचं उत्तर अंदाजाने सांगायचं होतं. दुसऱ्या गटाला तोच गुणाकार १×२×३ असा चढत्या क्रमाने दिला. पहिल्या गटाचा मध्यक २,२५०, दुसऱ्याचा ५१२, आणि खरं उत्तर ४०,३२०! सुरुवातीच्या आकड्यांनी मन बांधलं गेलं. पण असे ठोकताळे एरवी उपयोगीच पडतात, हेही त्याच लेखात म्हटलंय.

‘हुशाराला किंवा संगणकाला ठोकताळा कशाला?’ हा प्रश्न तर चटकन निकालात निघतो. १५ घरी पार्सलं पोचवायचे क्रम १.३ लाख कोटींहून जास्त होतात. घरं वाढत गेली की एकेक क्रम तपासणं संगणकालाही झेपत नाही.

मला सर्वांत नुकसानकारक वाटतो तो चौथा समज: पोल्यांच्या पायऱ्या पाठ केल्या की झालं. प्रश्न समजून घ्या, योजना आखा, ती पार पाडा, मागे वळून पाहा. पायऱ्या उत्तम आहेत, पण ॲलन शोनफेल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९८५च्या पुस्तकात दाखवलं, की एका सल्ल्याच्या पोटात अनेक वेगळ्या युक्त्या असतात. ‘आधी सोपा प्रश्न सोडवा’ म्हणजे आकडे लहान घ्यायचे, की एखादी अट सोडायची? हे एकेक करून, उदाहरणांसह शिकवावं लागतं. शोनफेल्ड वर्गात फिरताना विचारत: नेमकं काय करतोयस, का करतोयस, त्याने काय साधेल?

आणि उत्तर आलं की मुलं वही मिटतात, चौथी पायरी तशीच राहते. तिथेच त्यांना थांबवून विचारावं: भांडी ४ आणि १० लिटरची असती तर ५ लिटर मोजता आलं असतं का? कितीही भरा, ओता. भांड्यात पाणी सम लिटरच राहतं. म्हणजे ५ कधीच जमणार नाही, आणि हे एक थेंबही न ओतता कळतं.