कॅम्परचं इंजिन: पंपावर नको, घाटात ठरवा

जपानने १९७४ साली पेट्रोलवर लावलेला ‘तात्पुरता’ कर अखेर ३१ डिसेंबर २०२५ रोजी गेला. डिझेलवरच्या तशाच करासाठी कायद्याने १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. मथळे स्वस्ताईचे झाले. कॅम्पर घेऊ पाहणाऱ्यांसाठी मात्र बातमीचा गाभा वेगळा आहे. पेट्रोलवरचा कर लिटरमागे ५३.८ येनांवरून २८.७ वर येतो आणि डिझेलवरचा ३२.१ वरून १५ वर. म्हणजे करातला डिझेलचा फायदा २१.७ येनांवरून १३.७ वर घसरतो. वर्षाला हजार लिटर जाळणाऱ्याचे आठ हजार येन त्यात गेले. रक्कम किरकोळ आहे, पण ‘डिझेल स्वस्त, म्हणून डिझेल’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा होता. डिझेल गाडीसाठी आधीच काही लाख येन जास्त मोजावे लागतात आणि फक्त शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्याचे ते पंपावर वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

डिझेलची खरी बाजू दिसते ती चढावर. कॅम्परसाठी लाडक्या असलेल्या टोयोटा हायएसचंच पाहा. २.७ लिटरचं पेट्रोल इंजिन १६० अश्वशक्तीचं, २.८ लिटरचं डिझेल १५१ चं. कागदावर पेट्रोल सरस. पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पीळ, पेट्रोलला २४३ न्यूटन-मीटर मिळतो तो मिनिटाला ४००० फेऱ्यांवर; डिझेल ३०० देतं आणि तेही १००० फेऱ्यांपासून. टोकियोहून नागानोकडे जाणारा चुओ द्रुतगती मार्ग १०१५ मीटरपर्यंत चढतो. तिथे पेट्रोल गाडी गिअर उतरवून ओरडू लागते, डिझेल शांतपणे चढतं. अमेरिकेत हा वाद मागे जोडलेला ट्रेलर ओढण्याचा असतो. जपानमध्ये ७५० किलोंवरच्या ट्रेलरला वेगळा परवाना लागतो, म्हणून बिऱ्हाड बहुधा गाडीच्याच पाठीवर असतं. पलंग, कपाटं, पाण्याची टाकी हे ओझं घरी सोडून निघता येत नाही.

डिझेलवर आक्षेप दोन. पहिला काजळीचा. टोकियोचे गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी १९९९ मध्ये डिझेलविरोधी मोहीम उघडली, काजळीने भरलेली बाटली पत्रकारांसमोर हलवून दाखवली. ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या तीन प्रांतांत निर्बंध आले. आजच्या इंजिनांत काजळी गाळणीत अडकते आणि तिथेच जळते, पण त्यासाठी इंजिन नीट तापावं लागतं. रोज कोपऱ्यावरून भाजी आणणाऱ्या गाडीची गाळणी तुंबणारच. दुसरा आक्षेप थंडीचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं डिझेलमधलं मेण थिजतं. जपानी मानकाप्रमाणे २ क्रमांकाचं डिझेल उणे ७.५ अंशांपर्यंत वाहतं राहायला हवं, ३ क्रमांकाचं उणे २० पर्यंत. टोकियोत २ क्रमांकाच्या डिझेलने टाकी भरून होक्काइदोच्या बर्फात रात्र काढणाऱ्याची गाडी सकाळी सुरूच होणार नाही, अशी वेळ येऊ शकते. तोड साधी आहे: टाकी जवळजवळ रिकामी घेऊन पोहोचायचं आणि तिथलंच डिझेल भरायचं. पण ही शिस्त ज्याला जाच वाटते, त्याने पेट्रोलच घ्यावं. लांबचे पल्ले आणि डोंगर ठरलेले असतील तर डिझेल. कॅम्पर हीच घरची रोजची गाडी असेल तर पेट्रोल. सरकारने कर आणखी कितीही हलवला तरी चुओ मार्गाचा चढ एक मीटरनेही कमी होणार नाही.