उन्हाळ्यातल्या कुंड्या

होटगी आणि सोलापूरच्या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. जमिनीतल्या झाडाची मुळे खोल गारव्यात असतात. कुंडीतल्या झाडाला ती सोय नाही. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात हवेपेक्षाही जास्त तापते आणि पश्चिमेकडच्या कडेची कोवळी मुळे आधी करपतात. म्हणून पानांइतकीच सावली कुंडीलाही हवी. मातीच्या कुंडीतून पाणी पाझरून वाफ होते, त्यामुळे ती त्यामानाने थंड राहते, पण लवकर सुकते. प्लॅस्टिकच्या कुंडीला बाहेरून चुना लावावा किंवा ती मोठ्या कुंडीत ठेवून मधली फट ओल्या वाळूने भरावी.

गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर कुंडी थेट न ठेवता विटांवर ठेवावी. पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी पुरते; या ज्वारीच्या मुलखात पश्चिमेला कडब्याचा आडोसाही उत्तम चालतो. मातीवर पाचट किंवा वाळलेला पाला दोन इंच पसरावा, मात्र खोडाला भिडवू नये.

पाणी पहाटे द्यावे. माती पार वाळली की आक्रसून कडा सोडते, मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी. दुपारी पाने मलूल दिसली तरी आधी बोटाने माती तपासावी. ती ओली असेल तर झाड संध्याकाळी बहुधा आपोआप सावरते. तेव्हा आणखी पाणी घातल्यास मुळे कुजतात. कडक उन्हात रासायनिक खत, छाटणी आणि कुंडीबदल टाळलेलेच बरे.